मामाचा सरळ रस्ता

हमरस्त्यावरून चालणं हा कमीपणा आहे असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या गिरणगावात एकच, आणि तो माझा सख्खा मामा. हे वेड त्याला संपात लागलं. गिरणी बंद, नाक्यावर पोलिसांची गाडी आणि पिशवीत वाटायची पत्रकं; तेव्हा मामा एका चाळीच्या पुढच्या दारातून शिरायचा आणि मागच्या जिन्याने पलीकडच्या चाळीत उतरायचा. पुढे संप विरला, भोंगा कायमचा गप्प झाला, पण मामाचं चालणं काही बदललं नाही. "रस्त्यान काय, कोणय जाता," असं तो तुच्छतेने म्हणे. मात्र त्याचा एक नियम होता. कुणाच्याही गॅलरीतून जायचं तर आधी "जातंय हां" अशी हाक द्यायची आणि आतून "जा" आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. आता आतून नुसतं "जा" क्वचितच येई. चहा येई, सिलिंडर हलवायची विनंती येई. एकदा तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्याला मुलीचा काका म्हणून बसवलं होतं. त्यामुळे या जवळच्या वाटेने मामा जेवायला निघाला की चहाला पोहोचायचा. मला शाळेत सोडायचं कामही त्याच्याकडेच होतं, आणि उशिराची कारणं सांगून सांगून मी दमले होते.

पुढे शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी मला ओरिएंटियरिंग नावाच्या खेळात घातलं. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नेमून दिलेल्या खुणा क्रमाने गाठत धावायचं. त्यातली स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची शर्यत तर गल्लीबोळांतूनच होते. हे ऐकून मामाला वाटलं, जगाने अखेर आपली दखल घेतली. माझ्या सरावासाठी त्याने आईच्या जुन्या साडीचे तुकडे चाळीचाळींत खुणा म्हणून बांधले. बायकांना वाटलं, कुणाचं तरी वाळत घातलेलं उडून आलंय. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे घडी करून आईकडे परत आले.

निवड शर्यतीत मात्र माझी फजिती झाली. नकाशावर शेवाळी रंगाने दाखवलेलं आवार खासगी असतं, तिथे पाऊल टाकलं की खेळाडू बाद. मी अशाच एका आवाराशी आले, आत एक आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. माझ्या तोंडून आपोआप "जातंय हां" निघालं, आजी म्हणाल्या, "जा गं पोरी," आणि मी गेले. बाद झाले. मामा पंचांशी भांडायला उभा राहिला. "घरकारणीन जा म्हटल्यान, मगे तुमचा काय गेला?" पंच बहुधा चाळीत राहिलेले नव्हते.

या खेळात मुली इतक्या कमी, की आधीच्या शर्यतींच्या जोरावर परदेशातल्या ज्युनियर स्पर्धेसाठी माझी निवड झालीच. पण बाईंनी बजावलं, पुन्हा बाद झालीस तर नावापुढे वेळसुद्धा लागणार नाही, धावलीस काय नि न धावलीस काय, सारखंच. घरी येऊन मी ते मामाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट घालून दारात उभा.

"चल बाय. आता सरळ चलूक शिकाक व्हया."

आणि मी स्पर्धेला निघेपर्यंत रोज सकाळी तो मला लालबागहून हिंदमातापर्यंत हमरस्त्याने चालवत नेऊ लागला. हॉर्न वाजला की दचकायचा, माझं मनगट घट्ट धरायचा. प्रत्येक चाळीच्या दाराशी त्याचं पाऊल वळायचं आणि तो ते मागे ओढायचा. ती ओढ मला मनगटात कळायची. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. माझ्या या सवयीचं मूळ आपण आहोत, हे त्याने मनाला फार लावून घेतलं होतं.

स्पर्धा होती ते परदेशातलं गाव जुनं होतं, दगडी गल्ल्यांचं. शर्यत संपत आली आणि समोर नकाशावर शेवाळी दाखवलेलं एक आवार आलं. फाटक उघडं, आत एक म्हातारी कपडे वाळत घालत होती आणि तिच्यापलीकडे माझी पुढची खूण दिसत होती. मला पाहून ती हसली आणि हाताने खुणावू लागली, जा, जा. "जातंय हां" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मनगटात ती ओढ जाणवली. मी वळले आणि अख्ख्या गल्लीला वळसा घालून धावत सुटले.

निकालात माझं नाव पार खाली होतं, पण नावापुढे वेळ होती. मी पायरीवर बसून घेतलं, इतकं हायसं वाटलं. घरी फोन लावला तो मामानेच उचलला. नंबर कितवा, हे त्याने विचारलंच नाही.

"वळसो घातलंस मां?"

"घातलंय."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "मगे झालां," तो म्हणाला.

आता त्या चाळींच्या जागी टॉवर आहेत, त्यामुळे मामा नाइलाजाने हमरस्त्यानेच चालतो. एका टॉवरच्या फाटकाशी मात्र तो अजून थांबतो. तिथे पूर्वी आमच्या शेजारच्या चाळीचा मागचा जिना होता. "जातंय हां," तो हळूच म्हणतो आणि वाट बघत उभा राहतो. वॉचमन मोबाइलमधून मान वर करत नाही. मग मागून मीच म्हणते, "जा, मामा." तेव्हा कुठे तो पाऊल उचलतो.