हरसूलच्या जीपचा कार्ब्युरेटर

१८ सप्टेंबर २०२३. हरसूलहून निघालेल्या जीपमध्ये चार जीव होते, त्यातला एक पोटातला. दवाखान्यात तिघे पोहोचले.

महिनाभराने पंचवटीतले प्रभाकरराव गायधनी जीपवाल्या कारभारीला भेटायला गेले. त्या प्रवासाच्या आधी त्यांना स्वतःची बासष्ट सालची जीप जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडायची होती आणि त्याच सालचा कार्ब्युरेटर कारभारीच्या चालत्या जीपमध्ये होता. त्यांनी तो मागून घेतला, बदली नवा बसवला आणि आठवड्यात येऊन पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवून देण्याचा शब्द दिला होता. प्रदर्शनाच्या गडबडीत ते गेलेच नाहीत. त्यामुळेच अठरा तारखेला जीप चढावर बंद पडली, आणि बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेल्या संजनाचे बाळ रस्त्याच्या कडेलाच गेले.

"माझ्याच हातात खोट, दादा," कारभारी म्हणाला. "तुम्ही तर नवं दिलं व्हतं. मलाच चालवाया नाय जमलं. संजनाची सासू आता माझ्या गाडीत पाय ठेवत नाय."

खोट कुठे होती ते प्रभाकररावांना ठाऊक होते. "होतं असं कधी कधी," एवढेच बोलून त्यांनी चहा संपवला.

जुना कार्ब्युरेटर त्यांनी पुढे परत बसवून दिला. कारभारीला खरे मात्र सांगितलेले नाही. ते देणे बाकी आहे.