विशाखाच्या हाताचा रंग

विशाखाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी उदगीरला एका लग्नात कॅमेरा स्टँडवर चढवत होतो. नाव बघूनच माझा पारा चढला. अंगात कणकण आहे, उतरली की लातूरला येते, असं सांगून ही बाई नांदेडला गप्प बसली होती आणि इकडं तिच्या फिल्मचं काम माझ्या स्टुडिओत अडून पडलं होतं. मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झालो, की काय गं, तुझा ताप म्हणजे काय सरकारी काम आहे का, संपता संपेना... पलीकडून तिच्या आईचा, कांताताईंचा आवाज आला. "अप्पा, विशाखा गेली." डेंग्यू होता म्हणे. रात्रीतून खालावली आणि पहाटे संपलं. त्या लग्नाच्या अक्षता मी चित्रित केल्या. कशा केल्या, ठाऊक नाही. नंतर बघितलं तर सगळं नीट होतं, रंग जागच्या जागी होते. हाताला सवय असते.

विशाखा अर्धापूरची. वडील लवकर गेले. आई केळीच्या बागांत रोजानं जायची, घड उतरवायला, वाहायला; त्या मजुरीवर आणि पुढं अंगणवाडीतल्या कामावर तिनं पोरीला शिकवलं. बी.ए. करता करता विशाखा लग्नसराईत माझ्याकडं कॅमेरा शिकायला आली, मग पुण्याला जाऊन रीतसर शिकली, आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत आली. नांदेडला खोली घेऊन आईला तिथं आणलं. येताना मात्र एक खूळ घेऊन आली, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते शेवटपर्यंत वाजत राहिलं.

मी जुन्या वळणाचा माणूस. उजेड बघायचा, लेन्ससमोर पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते सांगायचं, रंग, गडदपणा सगळं तिथंच ठरवायचं आणि मगच बटण दाबायचं. घरी आल्यावर त्याला हात लावायचा नाही. विशाखाचं सगळं उलटं. ती चित्र मुद्दाम फिकट घ्यायची. बघावं तर पाणी घातलेल्या ताकासारखं, ना काळं धड काळं ना लाल धड लाल. पण त्यात उजेडाच्या सगळ्या छटा शाबूत राहतात आणि पुढं संगणकावर बसून हवा तो रंग वर काढता येतो, ह्याला ग्रेडिंग म्हणतात, हे तिनं मला कितीदा ऐकवलं असेल. मी म्हणायचो, अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? समोर दिसतंय ते घे की. त्यावर ती चारचौघांत सुनवायची, की अप्पांच्या व्हिडिओत नवरी हळदीला बसली तरी पिवळी दिसत नाही, इतके ते पांढऱ्याच्या मागं लागतात. मांडवातले आचारीसुद्धा हसायचे. खोटं कशाला बोलू, एकदा घरी जाऊन मी एका जुन्या हळदीचा व्हिडिओ लावून बघितला होता. थोडी फिकट होती खरी.

आईच्या जुन्या सोबतिणींवर तिनं फिल्म करायला घेतली तेव्हा मी अर्धापूरला तिच्यासोबत जायचो, आवाज घ्यायला. केळीच्या आत ऊन पानांतून गाळून येतं आणि माणसाच्या तोंडावर हिरवं पडतं. बायकांचे चेहरे, लुगडी, हसल्यावर दातसुद्धा हिरवट. मी म्हणलं, हा हिरवा इथंच कॅमेऱ्यात काढून टाक, नाहीतर बाया आजारी दिसतील. ती म्हणाली, ठेवायचा का काढायचा ते नंतर बघू. तिचं हे 'नंतर बघू' ऐकलं की माझं टाळकं फिरायचं. पांढरा कागदही ती धरायची नाही. प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला स्वतःचा पालथा हात लेन्ससमोर धरायची; पुढं रंग जुळवताना तेवढी खूण पुरे, म्हणायची. मी पिशवीतून कागद काढून दिला तर तिनं तो परत माझ्याच पिशवीत कोंबला. "कागद हरवतो अप्पा," म्हणाली. "हात कुठं जाऊन राहिला?"

तिच्या मागच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, बुद्धवंदना झाल्यावर, कांताताईंनी रुमालात बांधलेली हार्ड डिस्क मला दिली. बागेतल्या बायका विचारून राहिल्यात, आम्हाला कधी दाखवणार म्हणून, असं त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, की पोरीनं ठरवलं होतं तसंच करा, दुसरं काही नको. मी हो म्हणलं. पोरीनं काहीच ठरवून ठेवलेलं नव्हतं, हे त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगणार?

स्टुडिओत येऊन चित्रणाचा पहिला तुकडा उघडला आणि हात आला. राखाडी, रक्त नसलेला. बोटं जराशी फाकली, हात बाजूला झाला, मग मागची बाग दिसली. दुसरा तुकडा, परत हात. तिसरा, परत हात. एकदा तर ती बोटं हलली तसं मी रिकाम्या खोलीत "थांब गं" म्हणून बोलून गेलो. संगणक बंद करून टपरीवर जाऊन चहा प्यायचो, येऊन पुन्हा चालू केला की पुन्हा तोच हात...

रंग चढवायला बसलो. पडद्यावर रंगाचं एक चाक असतं. ते थोडं फिरवलं की हात गोरा व्हायचा, थोडं उलटं की तांबूस, आणखी जरा फिरवलं की मढ्याचा. सगळेच खरे वाटायचे. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिचा रंगच मला आठवत नाही. आवाज आठवतो, चालणं आठवतं, भांडणं तर शब्दन्‌शब्द आठवतात. रंग नाही. सावळी होती, एवढंच. पण सावळ्याच्या किती तऱ्हा असतात. फोटो शोधले, तर ते सगळे फोननं आपोआप उजळ केलेले. पुण्यानुमोदनाला हार घातलेला फोटो तर कुणीतरी इतका गोरा करून आणला होता, की दुसऱ्याच कुणाच्या घरची लेक वाटावी. माझ्याकडच्या इतक्या लग्नांत ती कुठंच नाही, कारण ती कायम कॅमेऱ्याच्या मागं. मला तिचा राग आला. खरंच आला. बागेच्या बांधावर जरा थांबून रंग ठरवून टाकला असतास तर ही पाळी आली नसती, असं मी मोठ्यानं तिच्याशी भांडलो. उलट उत्तर आलं नाही, आणि त्याची मला सवय नव्हती.

शेवटी कांताताईंना बोलावलं. दुपारच्या एसटीनं त्या लातूरला आल्या. पाणी दिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं, की हिरवा ठेवायचा का काढायचा हे तिनं ठरवलं नव्हतं, आणि तिचा रंगही मला जमेना झालाय. बागेबाहेर, बांधावर, उघड्या उन्हात घेतलेला एक तुकडा मी लावला. हात आला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून खुर्ची पुढं ओढली.

"लई गोरी केली अप्पा. तशी नव्हती ती."

मी कमी केलं. अजून, म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता तांबडी दिसून राहिली. पुन्हा फिरवलं. असं बराच वेळ चाललं. तेव्हा त्यांनी पदर मागं सारला आणि स्वतःचा पालथा हात पडद्याला खेटून धरला.

"माझ्यावरच गेलती. ह्याला बघून लावा. उन्हानं माझा जरा ज्यादा काळा पडलाय, तेवढं सोडा."

ट्यूबलाइटमध्ये त्यांचा हात निळसर दिसत होता. रंगाचं काम करताना खोलीत बाहेरचा उजेड येऊ द्यायचा नाही, हा ह्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून माझ्या खिडकीवर कायमचा काळा कपडा ठोकलेला. मी तो ओढून काढला, खिळ्यासकट. ऊन त्यांच्या हातावर पडलं. त्या हाताकडं बघत बघत मी शेजारच्या, पडद्यावरच्या हातात रंग भरत गेलो.

रंग बसला, ते दोघांनाही एकदम कळलं. उन्हातली तीच जुळणी, काही न बदलता, बागेच्या आतल्या तुकड्यांना लावली. बायकांचे चेहरे हिरवे झाले, दात हिरवे, लुगडी हिरवी. मी ताईंकडं बघितलं. हाव, म्हणाल्या, केळीत असंच दिसतंय माणूस. हिरवा राहिला. विशाखाला हेच हवं होतं का, महादेव जाणे.

बांधावरचा तुकडा परत आणून मी विशाखाच्या हातावर थांबवला. ताई, झालं, म्हणलं. त्यांनी मान हलवली. स्वतःचा हात मात्र पडद्यालगत तसाच धरलेला होता. अवघडला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण खाली घेतला नाही. नांदेडच्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना सांगितलं नाही.