मी मागे बसायचो नाही हं!

आज भंगारवाला बाबांची स्कूटर न्यायला आला. त्याने कव्हर ओढलं आणि शिळ्या पेट्रोलचा, जुन्या रेक्झिनचा तो वास अंगावर आला.

लहानपणी दर रविवारी खडकीहून मंडईला आम्ही चौघं याच स्कूटरवरून जायचो. मी पुढे उभी, मग बाबा, त्यांच्यामागे ताई आणि शेवटी पिशव्या सांभाळत आई. एकदा सिग्नलला थांबल्यावर बाबांनी मला विचारलं, "आपण चौघं या गाडीवर किती वेगवेगळ्या क्रमांनी बसू शकतो, सांग बघू." मी बोटांवर मोजत राहिले. मंडईचा कळस दिसला तेव्हा कुठे ओरडले, "चोवीस!"

"शाब्बास! पण त्यातल्या अठरा वेळा गाडी मी चालवतच नाहीये."

"म्हणजे अठरा वेळा आपण वेळेवर पोहोचू," मागून आई म्हणाली.

बाबा इतके हसले की त्यांचं पोट माझ्या पाठीवर गदगदा हलत होतं. "मी मागे बसायचो नाही हं! ते सोडून बोला."

दोन वर्षांपूर्वी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, तर रिक्षा नको म्हणाले. किल्ली माझ्या हातात दिली आणि मुकाट्याने मागे बसले. वाटेत माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाले, "तुझ्या त्या चोवीसांत हेही होतं, नाही का गं?"

दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. गाडी मी एकटीने घरी आणली. सगळा रस्ता सीटच्या अगदी पुढच्या टोकावर बसून आले, मागे त्यांना जागा राहावी म्हणून.