नागोरावांचा धुतलेला डबा

नागोराव फिटर मूळचे परभणीकडचे, पण पोट अस्सल बोईसरात कमावलेलं. रात्रपाळीहून आले की एकदा जेवायचे, झोपून उठले की पुन्हा एकदा, वर कारखान्यात सहा कप गोड चहा. काटा एकशे पाचवर गेला, तेव्हा गल्लीत कुणी त्यांना प्लास्टिकची खुर्ची देईना. तेही हसत.

हसणं थांबलं मे महिन्यात. टाकीवर चढताना बांधायचा पट्टा शंभर किलोपर्यंतचाच. वीस तारखेला तपासणी. वजन जास्त भरलं तर उंचीवरच्या कामाचा पास नाही. आणि वर न चढणारा फिटर ठेकेदाराच्या यादीत फार दिवस टिकत नाही.

कारखान्यातल्या किंजल सिस्टरने सरळ सांगितलं, "काका, आठवड्याला अर्धा किलो. पाळीनंतर एकच जेवण, भाकरी एक कमी, डाळ-उसळ जास्त, चहा बिनसाखरेचा, रोज अर्धा तास चालणं. आणि उपाशीपोटी शुगरची गोळी घ्यायची नाही."

"किती दिवस लागतील?"

"तीन महिने."

हातात होते तीन आठवडे. नागोरावांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात जेवणच बंद केलं. गोळी मात्र वेळेवर! औषध चुकवणारा माणूस नव्हे तो.

डबा पुंजाराम खायचा, त्यांच्याच टोळीतला. घाम गाळायला भर उन्हात रेनकोट घालून नागोराव तारापूर रस्त्याला चालताना दिसले, तेव्हा गल्ली खिदळली. पॅंट सैल झाली, तेव्हा त्याच गल्लीने कौतुक केलं. मग एका सकाळी त्यांच्या हातातला कप थरथरत बशीवर वाजू लागला. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली बसून ते घामाने भिजले. कौतुक करणारे आता घाबरले.

बायकोला, साखरबाईंना, वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली. "अहो, एकोणीस वर्षांत कधी डबा विसळला न्हाई. आता रोज धुऊन कामून येतोय?"

"माणूस सुधरतो की कधी कधी."

"तुमी? खरं सांगा, डबा पोटात जातोय का?"

नागोराव भिंतीला धरून चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

वीस तारखेला पाण्याचा घोटही न घेता ते काट्यावर चढले. नव्व्याण्णव पॉइंट सहा. पास मिळाला आणि दुपारीच टाकीवर काम निघालं.

अर्ध्या शिडीवर त्यांना ऊन पिवळं, मग काळं दिसू लागलं. खालून पुंजाराम ओरडला, "नागुभाऊ, हुक लावा!"

"लावलाय रे!"

हुक कमरेखाली मोकळा झुलत होता. वरून नागोराव उगाचच हसत होते. पुंजाराम धावत वर चढला, स्वतःचा हुक अडकवला, मग त्यांचा, आणि दोर येईपर्यंत त्यांना छातीने शिडीवर दाबून धरलं. "भाऊ, बोलत राहा. पोरांची नावं सांगा." एकाचंही नाव आठवेना.

खाली आणून साखरपाणी पाजलं. शुगर चव्वेचाळीस. किंजलने पास परत घेतला. "आता तीन महिने जमिनीवर. आणि जेवायचं, काका. माझ्यासमोर."

साखरबाई रिक्षाने पोचल्या, तेव्हा नागोराव बाकावर आडवे होते. त्यांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं, मग किंजलकडे.

"सिस्टर, पास जाऊ द्या. पण कागदावर नव्व्याण्णवच लिव्हलंय ना?"

साखरबाईंनी साखरपाण्याचा पेला उचलला आणि त्यांच्या तोंडाला लावला.