तारेची झणझण

"चूप! इथंच हाय ते." आमच्या घरी कुठे काही झणझणलं की असं म्हणून काका एक बोट वर करायचे आणि खोलीभर फिरू लागायचे. चहा निवून जायचा. खिडकीची काच, फ्रिजवरचं झाकण, कुलरची जाळी, जे थरथरत असेल ते सापडेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. ते येताना दिसले की माझी बायको आधी पंखा बंद करायची.

पिपरी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला आरतीत फक्त तडकलेला टाळ ऐकू येतो.

गिटारची तार झर्र करते म्हणून कुणी आलं, तर काका लगेच कानस उचलत नसत. तार आधी मोकळी वाजवायची, मग गिटारच्या मानेवरच्या एकेका पट्टीवर दाबून. "एकाच जागी झर्र करते तं पुढची पट्टी उंच. सगळीकडंच करते तं मान सरकली." उन्हाळ्यात तर तेवढंही नाही. "लाकूड वाळलं हाय. आठ दिवस कुलरच्या खोलीत ठेवजो, मंग येजो." अर्धी गिऱ्हाइकं परत यायचीच नाहीत, कारण गिटार आपोआप बरी झालेली असायची. असा धंदा करतात का, सांगा!

शाळा सुटल्यावर मी तिथे टेकायचो. गेल्या वर्षी ते म्हणू लागले, "सर, तुम्ही वाजवा, मी पाहतो." मला वाटलं, आपला मान वाढला. महिन्याभराने कळलं की ते माझ्या भुवया पाहत होते. तार झर्र झाली की माझी भुवई उडायची आणि काका त्याच पट्टीवर खूण करायचे.

मी विचारलं, तेव्हा त्यांनी दुकानातच तीन येरझाऱ्या घातल्या. "बारीक आवाज येत नाई आता. कोनाले सांगू नका. कान गेले म्हटलं तं कोन वाद्य देईन?"

मी कुणाला सांगितलं नाही. इमानेइतबारे भुवया उडवत राहिलो.

मग कॉलेजातली एक मुलगी गिटार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी गॅदरिंगमध्ये तिला वाजवायचं होतं. काका दुपारभर पट्टी घासत होते. पाच वेळा मी तार छेडली, पाचही वेळा भुवई उडाली. त्यांचा शर्ट घामाने भिजला. सहाव्यांदाही झर्र झालीच. मला बघवेना. भुवई आवरून मी म्हणालो, "गेला काका आवाज." ते लहान मुलासारखे हसले.

गॅदरिंगमध्ये माईकने ती झणझण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली. पोरं हसली. मुलगी अर्ध्यातून उठून गेली.

संध्याकाळी काका माझ्या दारात उभे होते. इतके स्थिर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, काल झर्र होती नं?"

"होती."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? अजून दोन घंटे होते माह्याजवळ."

त्यांना माझे कान हवे होते आणि मी त्यांची कीव केली. त्याची लाज अजून वाटते.

त्या आठवड्यात त्यांनी सगळी वाद्यं ज्याच्या त्याच्या घरी पोचवली, दुरुस्त न करताच. मग पुलगावला मुलीकडे राहायला निघाले. पिशवी घेऊन वळणापर्यंत गेले असतील, तेव्हा मी गेटातून हाक मारली, "काका!"

त्यांना फक्त बारीक आवाज ऐकू येत नसत. माझी हाक शाळेच्या मैदानापलीकडे जाते. काका वळले नाहीत.