माशांची विचारपूस

पद: दूरध्वनी सहायक, वीज तक्रार केंद्र, सकाळपाळी. वय: चाळिशी ओलांडलेली. आवाज: शांत, शिव्या ऐकूनही न चढणारा. विशेष प्रावीण्य: 'थोड्याच वेळात' हे शब्द, ऐकणाऱ्याला पुन्हा फोन करावासा वाटू नये अशा रीतीने उच्चारणे. वैवाहिक स्थिती: विवाहित. पती: समुद्रात.

समुद्रात म्हणजे जहाजावर, इंजिनखोलीत मेकॅनिक. मागच्या सुटीत त्याने बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आणली, तिच्यासाठी लोखंडी स्टँड स्वतः जोडला, मासे सोडले आणि आपण पुन्हा पाण्यावर निघून गेला. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन येई. पहिलं वाक्य ठरलेलं, "मासे कसे आहेत?"

"पोटात मी वाढवला आणि विचारपूस माशांची," सासूबाई म्हणत.

पण खरं पाहता नवराबायकोच्या बोलण्याचं सगळं भांडवल ते मासेच होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आणि मध्ये एवढा समुद्र पसरल्यावर 'तुमची आठवण येते' म्हणायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा काळा मासा कोपऱ्यात एकटाच असतो, हे सांगणं सोपं. मग तो विचारी, "खातो ना नीट?" ती म्हणे, "खातो, पण लक्ष नसतं." दोघांनाही काय ते कळे, आणि दोघंही ते काळ्या माशावर ढकलून मोकळी होत. मासे गेले तर फोनवर बोलायचं काय, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न माणूस सहसा विचारत नाही.

त्या दिवशी दुपारी ती कामावरून घरी आली तर वीज नव्हती. नवल नव्हतं. सकाळभर तिने आपल्याच भागातल्या लोकांना 'थोड्याच वेळात' ऐकवलं होतं. जमिनीखालची केबल जळली होती आणि खणणारी माणसं यायची होती. टाकीतलं पाणी गाळणारी, त्यात हवा सोडणारी मोटर गप्प होती. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"आई, तो बॅटरीवरचा पंप कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये. पण त्यात सेल नाहीत."

"कुठे गेले?"

"टीव्हीच्या रिमोटमध्ये. तिथेही आता संपलेत."

कोपऱ्यावरच्या दुकानात सेल आणि मेणबत्त्या सकाळीच उडाल्या होत्या.

"आणि पाणी गढूळ कशाने झालं?"

"मीच दाणे घातले, दोनदा," सासूबाई म्हणाल्या. "दिवा नाही, घाबरले असतील बिचारे. माणसावर काही ओढवलं की आपण आधी खायलाच घालतो ना."

नेमकं तेच करायचं नव्हतं. दाणे कुजतात आणि पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात, हे तो तिला फोनवर पुन्हापुन्हा बजावे. सासूबाईंना मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. तिने कुजके दाणे गाळणीने उपसले. मोटरची पिन काढून ठेवली, कारण वीज आल्यावर बंद मोटरमधलं शिळं पाणी एकदम टाकीत आलं तर तेही विषच. मग पाण्याचा जग घेतला. टाकीतलं पाणी भरायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचं. धारेबरोबर हवा आत जाते.

हात बदलता बदलता तिने तक्रार केंद्राला फोन लावला. पलीकडे दुपारपाळीची मैत्रीण होती.

"नमस्कार. काम प्रगतिपथावर आहे, थोड्याच वेळात..."

"अगं, मी आहे."

"मग तुला काय सांगू? वाक्य तुझंच आहे."

"खरं सांग."

"खड्ड्यात पाणी लागलंय. काही खरं नाही."

सासूबाईंनी तिच्या हातातून जग काढून घेतला. "दे इकडे. पाप माझं आहे, मला फेडू दे." पण त्यांचा खांदा लवकरच बोलू लागला आणि जग पुन्हा तिच्याकडे आला. उजेड उतरत चालला. काळा मासा एका कुशीवर कलंडला होता.

तेवढ्यात त्याचा फोन आला. हात ओले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून स्टँडवर ठेवला.

"मासे कसे..." तो थांबला. "हा आवाज कसला?"

"पाणी ओततेय. सकाळपासून वीज नाही. काळा आडवा झालाय."

आता सूचनांची सरबत्ती होणार, या तयारीने ती उभी राहिली. पलीकडे नुसतीच इंजिनाची घरघर.

"हात भरून आला असेल तुझा," तो म्हणाला.

"आलाय."

"ओतत राहा. मी आहे फोनवर."

एरवी त्याचे फोन 'बरं, ठेवू?'वर आटपत. आज तो ठेवायचं नाव घेईना. ती जग बुडवी, उचली, ओती, आणि तो ऐकत राही. मासे कसे आहेत, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

"आलो की मी ओतेन," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"तुम्ही आल्यावर कशाला जाईल वीज?"

"फ्यूज काढीन."

ती हसली, आणि हसताना डोळे भरले ते तिने उडालेल्या पाण्यावर खपवलं. टाकीत काळा मासा हळूहळू सरळ झाला, शेपटीचा एक झटका देऊन खाली गेला. तिने ते पाहिलं. सांगितलं नाही.

मग वीज आली. दिवा लागला, पंखा फिरू लागला. स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या सासूबाईंनी बोलायला तोंड उघडलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि जग पुन्हा पाण्यात बुडवला.

सासूबाई क्षणभर तिच्याकडे, मग फोनकडे बघत राहिल्या. त्यांनी आधी पंखा बंद केला, मग दिवा.