ठरलेलं उत्तर

माझी धाकटी मुलगी सध्या समाजकार्याच्या कॉलेजात जाते. परवा जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून ती आम्हाला वाचून दाखवत होती. मुलाखत घेताना प्रश्नातच उत्तर पेरू नये, समोरचा माणूस गप्प झाला तर आपणही गप्प राहावं, असं काय काय. मी म्हटलं, हे सगळं मला येतं. बायकोनं ताटातून वर न पाहता विचारलं, "गप्प राहणंही?" पोरं हसली. हसू द्यात. पण हे शास्त्र मी घाटंजीकडच्या आमच्या गावी, पुण्याच्या एका बाईंच्या हाताखाली शिकलोय, आणि त्यात रीतसर नापासही झालोय.

साठ साल उलटून गेलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. नोकरी शोधतोय असं मी सांगायचो, आणि नोकरीही मला शोधत असावी अशी माझी समजूत होती. अशात या बाई आल्या. देव सोडून बौद्ध झालेल्या घरांत काय काय बदललं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांची मराठी आमच्या वस्तीला कळेना आणि वस्तीची त्यांना, म्हणून मधे मला बसवलं.

किती घरं, किती माणसं, किती शेळ्या, हे मी पहिल्याच दिवशी पाठ करून गेलो होतो. बाई म्हणाल्या, मोजणारे वेगळे येतील, आपण माणसाला काय वाटलं ते ऐकायचं. मला हे काम फारच सोपं वाटलं. पहिल्याच घरात मी विचारलं, "देव सोडल्यावर लय बरं वाटलं असन ना?" घरधनी म्हणाला, हो. मी विजयी नजरेनं बाईंकडे पाहिलं. बाहेर आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "यात उत्तर तूच दिलंस. त्यांनी फक्त मान हलवली." मग मी प्रश्न उघडा ठेवायला शिकलो. पण कोणी गप्प झालं की मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ती जागा भरून टाकायचो. बाई नुसत्या माझ्याकडे पाहायच्या.

चार-सहा घरं झाल्यावर बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न कसाही विचारा, उत्तर एकच यायचं, आणि तेही शब्दाला शब्द जुळवून: "देव सोडले, ओझं उतरलं, मागं पाह्यलं नाई." म्हातारे तेच सांगत, नव्या सुनाही तेच. बाईंनी मला कारण विचारलं. मला ते ठाऊक होतं, आणि वस्तीतल्या कुत्र्यालाही ठाऊक असावं.

पूर्वी एकदा मारहाणीच्या प्रकरणात आमच्या दोन माणसांनी जबानी दिली होती. एकानं बैल तांबडा सांगितला, दुसऱ्यानं लाल, आणि खटला तेवढ्यावर बुडाला. तेव्हापासून, बाहेरचा माणूस विचारायला आला की सगळ्यांनी एकच सांगायचं, हे वस्तीत पक्कं झालं होतं. बाई येणार असं कळताच माझ्या बाबांनी विहारात, म्हणजे आमच्या गवती छपरात, सगळ्यांना बसवून हे उत्तर घोकून घेतलं होतं. वाक्य त्यांचंच होतं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि वाक्य होतंही चांगलं.

त्यात लबाडी नव्हती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि गावानं आम्हाला वावरात बोलावणं सोडलं. दुसऱ्या गावी कामाला जावं लागलं, दळणसुद्धा तिकडूनच आणावं लागलं. तरी कोणी माघार घेतली नव्हती. पारावरची मंडळी मात्र पैज लावल्यासारखी वाट पाहत होती, की यातलं एखादं घर परत कधी देवाला हात जोडतं.

आत्या आमच्याच घरी राहायची. नवरा गेला, मागोमाग नुकतं चालू लागलेलं पोरगं तापानं गेलं, आणि सासरच्यांनी तिला पोचवून दिलं. येताना तिनं ओटीत पोराचा टाक आणला होता. घरात कोणी अकाली गेलं की सोनाराकडून त्याचा टाक, म्हणजे बोटाच्या पेराएवढा ठोकलेला पत्रा, करून देवांत बसवायची तेव्हा रीत होती. त्यावर चेहरा असा काही नव्हता, सोनार सगळे एकाच ठशावर ठोकायचा. पण त्या पोराचा फोटो कुठला असायला! तेवढाच तो होता.

वाघाडी नदीत देव सोडायला बाबा टोपलं भरत होते तेव्हा तिनंच तो टाक उचलून त्यात ठेवला. कोणी सांगितलं नाही. सगळेच चालले होते म्हणून तोही गेला.

ठरलेल्या उत्तरांना कंटाळून बाई एक दिवस आत्याबरोबर कापूस वेचायला गेल्या. वेचणी चालली होती दुसऱ्या गावच्या वावरात. साडीची ओटी करून त्यांनी आत्याच्या शेजारची ओळ धरली. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली, तरी विचारलं काहीच नाही. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसलो होतो, कारण माझं काम दुभाष्याचं होतं, कापसाचं नव्हे. पुढं बाईंनी हाक मारली म्हणून उठून जवळ गेलो. आत्या बोलत होती, आणि बाईंना अर्धंच कळत होतं.

ती म्हणत होती की देव गेले त्याचं तिला काही नाही. ढोरं ओढायची सुटली, मान वर झाली, ते तिला हवंच होतं. पण त्या दिवशी हातून पोरगंही गेलं, दुसऱ्यांदा. तसाच एक टाक घाटंजीच्या बाजारातून करून आणावा असं तिच्या मनात होतं. हळदकुंकू नाही, दिवा नाही, नुसता पेटीत ठेवायचा. दादाला सांगायची मात्र तिला हिंमत नव्हती.

मग ती थांबली. बाई थांबल्या. त्या दिवशी मीही थांबलो, कारण मला खरंच काही सुचलं नाही.

"बाई, तुमी दादाले सांगून पाहा ना," आत्या म्हणाली. "तुमचं ऐकन थो."

मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मला यात पडता येत नाही हो. मी इथं सांगायला आले नाही, ऐकायला आले."

"ऐकलं ना मंग," आत्या म्हणाली. "आता काय?"

बाईंनी मान खाली घालून पुढच्या बोंडातला कापूस वेचला. आत्या ओळीत पुढं निघून गेली.

शेजारच्या ओळींत वस्तीतल्याच बायका होत्या. त्यामुळं आम्ही घरी पोचायच्या आधीच गोष्ट घरी पोचली होती. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि समोर बसले.

"तुले देव पायजे काय?"

"देव कोण मांगून राह्यलं, दादा? मी माह्या लेकराचं म्हणतो."

"मले समजते. पण गावाले थे समजन काय? आपल्या घरात टाक दिसला, तर उद्या म्हणतील, हे परतले. मंग बाकीच्यायले मी काय तोंड दाखवू?"

आत्या उठून चुलीकडे गेली. बाबांचं चुकत होतं असं मी आजही म्हणू शकत नाही, आणि तिचं चुकत होतं असं तर कोण म्हणेल! दोघंही बरोबर असले की मधल्या माणसाला करायला काही उरत नाही. तसं मला एरवीही काही काम नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. आदल्या दिवशीचं पुन्हा एकदा नीट ऐकायचं होतं त्यांना. आत्या चुलीपुढं बसली होती. बाईंनी हळूच विचारलं, देव सोडले त्या दिवशी काय वाटलं होतं?

"देव सोडले, ओझं उतरलं," आत्या म्हणाली, "मागं पाह्यलं नाई."

बाबा दारात उभे होते. त्यांनी मान फिरवली आणि बाहेर गेले.

थोड्या दिवसांनी बाईही गेल्या. त्यांनी पुढं काय लिहिलं, लिहिलं तरी का, आम्हाला कळलं नाही. मला यवतमाळला कारकुनी मिळाली. तिथं उघडे प्रश्न विचारायची सोय नव्हती. आत्यानं टाक केला नाही. बाबा गेल्यावर तिला अडवणारं कोणी राहिलं नव्हतं, तरी केला नाही.

ती थकल्यावर मी तिला यवतमाळला माझ्याकडे आणलं. एका दुपारी घरात दोघंच होतो. गावी जाताना घाटंजीवरून जाऊ, सोनाराकडे थांबू, असं मनाशी ठरवून मी तिला विचारलं. प्रश्न अगदी उघडा ठेवला, त्यात उत्तराचा कणही पडू दिला नाही. त्या दिवसाचं काय आठवतं, एवढंच.

तिनं ते वाक्य म्हटलं. शब्दाला शब्द.

मग मी बाईंनी शिकवलं होतं तसा गप्प बसलो. मधे हवापाणी आणलं नाही, हललोही नाही. आत्याही गप्प बसली. पण गप्प बसायची सवय तिला माझ्यापेक्षा कितीतरी जुनी होती. शेवटी तीच म्हणाली, "काहून असा बसला बे? चहा मांड."

मी उठलो आणि चहा मांडला.